पाणी कितीवर आहे?

संक्रांत होऊन तीन आठवडे उलटले तरी तिळगुळाचा एक डबा आमच्या खिडकीत तसाच पडून होता. तो पोचवायचा होता ताईकडे. ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे. पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिली दोन वर्षं मला जिने धरून ठेवलं, ती. ती राहते शहराच्या वायव्येला, प्रिन्सनआयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावर. मी राहते दक्षिणेला, डे पाइपमध्ये. सायकलने वीस मिनिटं. पण २०२१ चा तो कोरोनाचा हिवाळा. जानेवारीच्या विसाव्या तारखेपासून नियम आला होता की घरात दिवसाला एकच पाहुणा. ताईच्या घरी त्या एका जागेसाठी रांग होती, आणि माझा नंबर लागला ७ फेब्रुवारीच्या रविवारी. रथसप्तमी १९ ला होती, म्हणजे तिळगूळ द्यायला अजून मुभा होती. मी खुशीत होते.

आणि नेमकं शनिवारी डच हवामान खात्याने रविवारसाठी लाल इशारा काढला. रात्रीतून बर्फ, जोडीला वादळी पूर्ववारा. वादळाचं नाव दार्सी. सकाळी उठून पाहिलं तर देशभरातल्या रेल्वेगाड्या बंद, ट्राम बंद, बस बंद. जमिनीखालची मेट्रो चालू आहे का, हे मी पाहिलंच नाही. खरं सांगायचं तर मला पाहायचं नव्हतं.

कारण मी सांगलीची आहे. पूर आला की सांगलीकर घरात बसून राहत नाही, तो आयर्विन पुलावर पाणी बघायला जातो. पोरं खांद्यावर घेऊन जातो. बातम्यांत ‘नागरिकांनी घराबाहेर पडू नये’ हे वाक्य आलं की आमच्याकडे चप्पल शोधायला सुरुवात होते.

साडेदहाला बाबांचा फोन आला. ते नेहमीसारखेच थेट मुद्द्यावर.

“तिकडं म्हणे बर्फ. पाणी कितीवर आहे?”

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. सांगलीत पावसाळ्यात कुणीही कुणालाही भेटलं की ‘पाणी किती’ असं विचारतं, आणि उत्तर फुटांत येतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचं सगळं सामान गेलं, आणि बाबांची सवय आणखी घट्ट झाली. मी परदेशात कुठेही गेले तरी त्यांचा पहिला प्रश्न तोच.

“उणे ४० सेंटिमीटर,” मी म्हणाले. “काल तेवढंच होतं, उद्याही तेवढंच असेल.”

“मग बघायला काय जातेस?”

याला उत्तर नव्हतं.

जाड मोजे, पायजम्यावर पॅन्ट, स्वेटरवर स्वेटर, त्यावर कोट, असं सगळं चढवून मी जिना उतरले. डच जिना म्हणजे शिडीच, फक्त तिला भिंती असतात. इतक्या कपड्यांत तो उतरणं हेच अर्ध्या तासाचं काम वाटलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडं टाकून उंबऱ्यापुढचा बर्फ झाडत होते. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. चांगले कातडी बूट होते, तळ गुळगुळीत. ते काहीच बोलले नाहीत, आत गेले आणि राखाडी लोकरीचे जुने मोजे घेऊन आले. मला वाटलं, थंडी वाजेल म्हणून देताहेत. मी म्हटलं, आत दोन जोड आहेत. ते म्हणाले, आत नाही, बाहेर. बुटावरून घाला.

मी त्यांच्या दारात बाकड्यावर बसून बुटांवर मोजे चढवले. दिसायला अगदी गबाळं. पण लोकर बर्फाला धरते. कातडं आणि रबर जिथे सरकतं, तिथे लोकरीचे तंतू रुततात. पुढच्या चार तासांत मी एकदाच पडले, आणि तेव्हा चूक मोज्यांची नव्हती.

त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. रस्त्यावर मीठ टाकलंय, पण ते नुसतं टाकून चालत नाही. गाड्यांची चाकं ते बर्फात मळतात, तेव्हा बर्फ वितळतो. आता रात्री नऊपासून पहाटे साडेचारपर्यंत संचारबंदी, रस्त्यावर चाक नाही, मग मीठ काय करणार बिचारं? तसंच पडून राहतं.

बाहेर आल्यावर आधी कानाने ओळखलं की बर्फ वेगळा आहे. आदल्या वर्षांत पाहिलेला इथला बर्फ म्हणजे दुपारपर्यंत चिखल होणारा, ओला, बुटाला चिकटणारा. हा कोरडा होता, रांगोळीसारखा. मुठीत धरून दाबला तर लाडू वळेना, बोटांतून सांडून जाई. आणि पाऊल टाकलं की करकर. नवी कोल्हापुरी करते तशी. चार पावलं चालले आणि मागे वळून पाहिलं, इतका तो आवाज ओळखीचा होता.

वारा मात्र ओळखीचा नव्हता. आमच्या गल्लीत घरांच्या आडोशाने काही कळलं नाही, पण फर्डिनांड बोलस्ट्राटच्या तोंडाशी आले आणि डाव्या गालावर कुणीतरी काचपेपर घासल्यासारखं झालं. वरून बर्फ पडतच नव्हता, तो आडवा जात होता. काही ठिकाणी रस्ता अगदी उघडा, विटा दिसताहेत, आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गुडघ्याला लागेल असा ढीग. वारा एका बाजूचं झाडून दुसऱ्या बाजूला लावून ठेवत होता. सायकली ओळीने उभ्या, आणि प्रत्येक सीटवर बरोब्बर सीटच्या मापाचा पांढरा पाव.

सायकलमार्गावरून मात्र पालिकेचं झाडूवालं यंत्र जाऊन आलेलं होतं. मोटारींचा रस्ता त्याच्या मानाने वाईट, आणि पायी चालणाऱ्यांची वाट सगळ्यात वाईट. या शहरात कोण कुणाआधी, हे त्या दिवशी जमिनीवर लिहून ठेवलं होतं.

बिअरच्या जुन्या कारखान्यापाशी पूल ओलांडला आणि फाइझलग्राख्तवर आले. नावात ग्राख्त, म्हणजे कालवा, पण पाणी नाही. हा कालवा केव्हाच बुजवून रस्ता केला. (ग्राख्त हा शब्द मी लिहिते तसा कुणी म्हणत नाही. सुरुवातीचा ग आणि मधला ख, दोन्ही घसा खाकरून काढायचे. ताईने मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, मासळीचा काटा अडकलाय असं समज.) याच रस्त्याखालून नवी मेट्रो नेताना २००८ मध्ये खोदकामाच्या खड्ड्यात पाणी शिरलं आणि काठची काही जुनी घरं काही सेंटिमीटर खचली. तेव्हा सगळ्या शहराला पुन्हा आठवलं असणार की आपण कशावर उभे आहोत.

उभे आहोत लाकडावर. इथली जमीन म्हणजे वर चिखल नि दलदलीचा थर, आणि बरंच खाली वाळू. त्या वाळूपर्यंत लाकडी खांब ठोकून त्यावर घरं बांधलेली. डाम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत, हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. हे लाकूड पाण्यात बुडलेलं असेल तोवर शेकडो वर्षं टिकतं. पाणी खाली गेलं, लाकडाला हवा लागली की ते कुजायला लागतं. म्हणून शहरातल्या कालव्यांची पातळी झडपा आणि पंपांनी एका रेघेवर धरून ठेवतात, अ‍ॅमस्टरडॅमच्या मोजपट्टीच्या शून्यापासून ४० सेंटिमीटर खाली. ती मोजपट्टीही इथलीच, आणि युरोपातल्या बऱ्याच भागांत उंची तिच्यावरूनच मोजतात. बाबांना मी दिलेलं उत्तर थट्टेचं नव्हतं. आमच्याकडे पाणी वाढलं की घर जातं, इथे पाणी कमी झालं तरी घर जातं.

प्रिन्सनग्राख्तच्या काठावर आले आणि थांबले.

मला वाटलं होतं सगळं पांढरं असेल. पण पाणी काळं होतं. गोठलेलं नव्हतं, इतक्या लवकर गोठत नाही. काठ पांढरा, पुलांचे कठडे पांढरे, घरबोटींची छपरं पांढरी, आणि मधून काजळासारखं पाणी. वाऱ्याने आडवा उडालेला बर्फ त्यावर पडायचा आणि नाहीसा व्हायचा. डाग नाही, तरंग नाही. मी बराच वेळ ते बघत बसले. म्हणजे उभीच होते. एकाच जागी नजर लावून बर्फाचा एखादा कण पाण्यापर्यंत येताना पाहायचा, आणि पाण्याला टेकला की संपला.

काठाला, दोन घरबोटींच्या मधल्या फटीत, पाच-सहा वारकरी अंग फुगवून बसले होते. पक्षी. काळाकुट्ट देह आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून आपल्याकडे त्यांना वारकरी म्हणतात. उजनीला कितीतरी पाहिलेत. इथे ते कालव्यात प्लास्टिकच्या पिशव्या, गवत, चॉकलेटचे कागद असं मिळेल ते गोळा करून घरटं करतात. त्या वर्षी एका घरट्यात निळा मास्कही विणलेला दिसला. एक जण पाण्यात उतरला, गोल फिरला, परत येऊन जागेवर बसला. जणू पाणी किती गार आहे ते बघून आला.

घरबोटी बघण्यासारख्या होत्या. एकीच्या छपरावर बर्फाची अख्खी गादी, तर तिला खेटून उभ्या दुसरीचं छप्पर ओलं आणि उघडं. कुणाच्या घरातली ऊब आत राहते आणि कुणाची छपरातून आभाळात जाते, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना उघड दिसत होतं. असा दिवस उजाडला की बर्फ चहाडखोर होतो. रस्त्यावरसुद्धा मध्येच एखादा ओला काळा गोल दिसे, खालून काहीतरी गरम जातंय.

इथवर मी फोनमध्ये नकाशा बघत होते, फोटो काढत होते. मी तिसऱ्यांदा फोन बाहेर काढला तेव्हा बॅटरी पस्तीस टक्के होती. फोटो काढायला बोट नेलं आणि फोन गेला. काळी पाटी. थंडीत असं होतं हे ऐकून होते, पण पस्तीस टक्क्यांवर होईल असं वाटलं नव्हतं. काखेत धरून पाहिला, फुंकर मारून पाहिली, उपयोग शून्य. चष्म्यावर मात्र वाफ धरली.

सहा वर्षं राहून मी या शहरात नकाशाशिवाय फिरले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. इथले मुख्य कालवे अर्धवर्तुळात, एकाबाहेर एक. सिंगेल, हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त, प्रिन्सनग्राख्त. बाहेरचे तीन १६१३ पासून खणायला घेतले, आणि २०१० मध्ये युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारशात घेतला. नकाशात फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात उभं राहिलं की सगळीकडे तेच पाणी, तेच पूल, तीच घरं, आणि कालवा इतका हळूच वळतो की आपण वळतोय हे कळत नाही. त्यात सूर्य नाही.

शेवटी वाट सापडली ती घरांच्या क्रमांकांत. या कालव्यावरचे नंबर वायव्येच्या टोकाला सुरू होतात, ब्राउवर्सग्राख्तपाशी, आणि आम्स्टेल नदीकडे वाढत जातात, हजाराच्या पार. एका काठाला विषम, समोर सम. मला वायव्येला जायचं होतं. म्हणजे नंबर उतरत गेले पाहिजेत. बस्स. पुढचा तास-दीड तास मी दारांवरचे आकडे वाचत चालले. ७०० च्या घरात होते, मग ६००, मग ५००. एखाद्या दारावर बर्फ चिकटून आकडा झाकलेला असे, तर पुढचा बघायचा. पातळी उतरताना मोजतात तशी मी घरं मोजत होते. बाबांना आवडलं असतं.

चालण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या दिवशी चालणं हे चालणं नव्हतं. टाच आधी टेकवली की संपलं. पाय पुढे टाकून सगळं वजन मागे ठेवलं, तरी संपलं. आजी मला लहानपणी कृष्णेच्या घाटावर न्यायची. तिथल्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं. ती म्हणायची, पाय ओढू नको, उचलून सपाट ठेव, गुडघा सैल सोड, आणि हात मोकळे. खिशात हात घालून घाटावर उतरायचं नाही. मी काठावरून तशीच चालू लागले, आखूड पावलं, गुडघे सैल, हात जरा फाकवलेले. समोरून येणारे डच लोकही असेच येत होते. सगळं शहर एका दिवसापुरतं रांगायचं सोडून नुकतंच उभं राहिल्यासारखं चालत होतं.

आणि पूल. या शहरात टेकडी नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या पोरांना घसरगुंडीसाठी उतार म्हणून काय आहे, तर कालव्यावरच्या पुलांची कमान. प्रत्येक पुलाच्या माथ्यावर दहा-बारा मुलं, लाकडी घसरगाड्या घेऊन. त्या गाड्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या असाव्यात, माळ्यावरून नुकत्याच उतरवलेल्या, एकीच्या दोरीला अजून जाळी चिकटलेली होती. ज्यांच्याकडे गाडी नाही ती पोरं फर्निचरच्या दुकानाच्या मोठ्या निळ्या पिशवीत बसून जात होती. एका मुलीने तर स्वयंपाकघरातला ट्रे आणला होता. उतार मोजून पंधरा पावलांचा. पाच सेकंदांचा प्रवास, मग पुन्हा वर. कंटाळा नाही.

अशाच एका पुलावर मी पडले. उतारावर पोरांनी घासून घासून काच केली होती, आणि मी पोरांकडे बघत होते. पाय पुढे गेले, मी मागे. डबा पोटाशी धरलेला, म्हणून हात टेकता आले नाहीत, आणि तेच बरं झालं, मनगट वाचलं. मी बसल्या बसल्या पुलाच्या खालपर्यंत घसरत गेले. वरून टाळ्या आल्या. एक बाई धावत आल्या, म्हणजे धावल्यासारख्या आल्या, आणि दीड मीटरवर थांबल्या. हात पुढे केला, मग आठवलं, मागे घेतला. “खाट हेट?” ठीक आहात ना? मी म्हटलं, हो. आम्ही दोघी हसलो. हात न देता येणं ही त्या वर्षाची सगळ्यात विचित्र गोष्ट होती. मी कठडा धरून उठले. डब्याचं झाकण शाबूत होतं.

त्यानंतर मी जरा वेळ समोर न बघता वर बघत होते, पायाखाली बघायचं सोडून. मूर्खपणाच, पण वरचं दृश्य तसं होतं. इथल्या जुन्या घरांची कपाळं वेगवेगळ्या आकारांची. काहींची पायऱ्यापायऱ्यांची, काहींची घंटेसारखी, काहींची उंच मानेसारखी. एरवी मी तो फरक पुस्तकातून शिकल्यासारखा बघायचे. त्या दिवशी बर्फाने शिकवला. पायऱ्यांच्या कपाळावर प्रत्येक पायरीला एकेक पांढरी उशी बसलेली, घंटेच्या बाकावरून बर्फ घसरून गेलेला, फक्त अगदी माथ्यावर टोपी. आणि प्रत्येक घराच्या डोक्यातून पुढे आलेली तुळई, टोकाला आकडा. घरं अरुंद, जिने आमच्यासारखेच शिडीवजा, म्हणून सामान दोराने बाहेरून चढवतात आणि खिडकीतून आत घेतात. अजूनही. आमचा सोफा असाच आला होता. बरीच घरं पुढे झुकलेली दिसतात, ती सगळीच खचल्यामुळे नाहीत. चढवलेलं सामान भिंतीला घासू नये म्हणून मुद्दाम तशी बांधलेली आहेत. तुळईवर बर्फ बोटभर रुंदीत उभा राहिला होता, इतका नीट, की कुणी पट्टी धरून ठेवलाय असं वाटावं.

वेस्टरकेर्कच्या मनोऱ्यावरचा निळा मुकुट दिसेना. मनोरा वर जाऊन करड्यात विरघळला होता. पण घंटा झाली, पाऊण वाजल्याची, आणि मला हायसं वाटलं, कारण आता माझ्याकडे घड्याळही नव्हतं. पुढे २६३ क्रमांकापाशी कुणीही नव्हतं. अ‍ॅन फ्रँकचं घर. महासाथीने संग्रहालयं बंद, त्यामुळे ओसाड, पूर्वी इथे रांग वळून चौकात जायची. दारापुढे एकाही पावलाचा ठसा नव्हता. मागच्या बाजूच्या खोल्यांमध्ये आठ माणसं लपून राहिली, त्यांतली सात जण दोन वर्षांहून जास्त. त्यांना वेस्टरकेर्कची हीच घंटा ऐकू यायची. या देशात रात्रीची संचारबंदी जर्मन अंमलानंतर पहिल्यांदा लागली ती त्या हिवाळ्यात, आणि तिच्याबद्दल मी किती कुरकुर केली होती ते आठवलं. मी तिथे फार थांबले नाही. वाराही थांबू देत नव्हता.

दोनशेच्या आत आल्यावर भुकेची जाणीव झाली. सगळ्या खाणावळी बंद, पण एका खिडकीतून ‘सोबत न्या’ असं चाललं होतं. आत मोठं पातेलं, बाहेर तीन माणसं दीड दीड मीटरवर. स्नर्ट. सुक्या हिरव्या वाटाण्यांचं सूप म्हणतात त्याला, पण सूप म्हणणं म्हणजे पिठल्याला सार म्हणण्यासारखं आहे. चमचा उभा राहिला तर ते झालं, अशी त्याची कसोटी. वर धुरी दिलेल्या सॉसेजच्या चकत्या. मी चकत्यांशिवाय मागितलं. बाईने दोनदा विचारून खात्री केली, तिला माझी कीव आली असावी. पैसे फोनने देता येईनात, पण कोटाच्या आतल्या खिशात कार्ड निघालं. उभ्याने, हातमोजा दाताने ओढून काढून, कागदी पेल्यातून ते खाल्लं. वाटाणे, कांद्याची पात, सेलरीचा कंद, दुसरं काही नाही. मिरची नाही, मोहरी नाही. मी इतकी वर्षं त्याला नावं ठेवत आले होते. तो पेला मी बोटाने पुसून खाल्ला.

उरलेलं सोपं होतं. नोर्डरमार्क्टचा चौक ओलांडला, नंबर दोन आकडी झाले, मग एक आकडी, आणि ब्राउवर्सग्राख्तच्या कोपऱ्यावर कालवा संपला. तिथून रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे. रूळ मोकळे, गाड्या नाहीत, वरून बर्फ ठिबकत होता. पुढे बेटं. प्रिन्सनआयलंडवर जुनी गोदामं आहेत, लाकडी दरवाजांची, त्यांची घरं केलीत. ताईने वरूनच मला पाहिलं.

“अगं, आलीस कशी तू? फोन लागत नाही, काही नाही! आणि पायात काय घातलंयस?”

मी मोजे दाखवले. तिने ते उंबऱ्यावर वाळत टाकले, मला शेगडीसारख्या तापलेल्या रेडिएटरपाशी बसवलं आणि आल्याचा चहा ठेवला. मग डबा उघडला. तिळगूळ घ्या, गोड बोला. तिने एक लाडू तोंडात टाकला आणि तिचा चेहरा बदलला. पाक जरा पुढे गेला होता, हे मला घरीच माहीत होतं. त्यात अडीच तासांची थंडी. सुपारी झाली होती. तिने गालात धरून ठेवला, चहाचा घोट घेतला, पुन्हा धरला. ती चार मिनिटं काहीच बोलू शकली नाही, ना गोड ना कडू.

पावणेसहाच्या सुमाराला अंधार पडायच्या आत मी निघाले. फोन तिच्याकडे चार्ज करून घेतला होता, पण बाहेर काढला नाही. आता नंबर चढत जायला हवे होते, एवढंच.

पुढचा आठवडाभर पारा शून्याखाली घुटमळत राहिला. पालिकेने काही कालव्यांवर बोटींना बंदी घातली, पाणी ढवळू नये म्हणून. माणसं रोज संध्याकाळी काठावर येऊन पाण्याकडे बघून जायची, एखादा बर्फाचा तुकडा फेकून आवाज ऐकायची. खळ्ळ आवाज आला की मान हलवायची, घण्ण आला की एकमेकांकडे बघायची. मला फार घरच्यासारखं वाटलं. खालचे आजोबा रोज मला निकाल सांगत. शनिवारी, १३ तारखेला, त्यांनी पोटमाळ्यावरून आपले स्केट काढले. लांब पात्याचे, कातडं तडकलेले. मला म्हणाले, पुलाखाली जाऊ नका, तिथे बर्फ पातळ. घरबोटींच्या जवळ जाऊ नका, त्यांची ऊब खाली उतरते. बाकी देव बघून घेईल. त्यांनी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची माझ्या हातात दिली. इथे पोरं खुर्ची ढकलतच स्केटिंग शिकतात.

प्रिन्सनग्राख्तवर माणसंच माणसं. आठवड्यापूर्वी मी ज्या काठावर उभी राहून काळं पाणी बघत होते, त्याच्या मधोमध आता हात मागे बांधून म्हातारे चालले होते, बाबागाड्या चालल्या होत्या, कुत्रे चारी पाय फाकवून उभे होते. मी खुर्चीची पाठ धरून, बुटांवर तेच मोजे चढवून, मधोमध गेले. खालून घरं वेगळीच दिसतात. सगळी वाकून आपल्याकडे बघतात. ताई पलीकडून आली, तीही पायीच, आणि तिने माझा डबा परत केला. रिकामा नव्हताच. शेंगदाण्याची चटणी होती.

बर्फात बोटभर खाली एक पिवळं पान थबकलं होतं, आणि त्याच्या बाजूने बुडबुड्यांची एक रांग, वर यायला निघालेली आणि वाटेत अडकलेली. मी ते दाखवायला बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

“पाणी कितीवर आहे?” त्यांनी विचारलं.

“उणे चाळीस. आणि मी त्याच्यावर उभी आहे,” मी म्हटलं आणि फोन पायाकडे वळवला.

पलीकडे काही क्षण आवाज आला नाही. मग बाबा म्हणाले, “आधी काठावर ये. मग बोल.”